पॅरिसला आईंना साडीतच आणा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सांगलीहून तुम्ही, पत्नी, सोळा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या आई असे चौघं ऑक्टोबरात सहा दिवसांसाठी पॅरिसला येताय. मुलीनं मोबाईलवर बघून नियमांची यादी केलीय. पॅरिसमध्ये कुणी स्पोर्ट शूज घालत नाही. सगळे काळ्या-करड्या कपड्यांतच असतात. रंगीत काही घातलं की पर्यटक म्हणून ओळखतात आणि खिसेकापू मागे लागतात, त्यामुळे साडी तर नकोच. ते ऐकून आई म्हणाल्या, "पँट घालून हिंडायचं असेल तर मी घरीच बरी." आणि तुम्ही विचारताय की चौघांच्या नव्या कपड्यांसाठी किती पैसे बाजूला काढावेत.

मी मूळची नाशिकची. सतरा वर्षं पॅरिसमध्ये राहते आहे आणि त्यातली चौदा वर्षं मराठी कुटुंबांना हे शहर पायी फिरून दाखवणं हाच माझा व्यवसाय आहे. म्हणून उत्तर आधीच सांगते. पैसे काढायचेच असतील तर प्रत्येकाच्या चांगल्या बुटांसाठी आणि टोपी असलेल्या पावसाळी जाकिटासाठी काढा. बाकी कपाटात आहे ते पुरे. आणि आईंना साडीतच आणा. कपड्यांच्या धास्तीनं एक बाई हे शहर बघायची राहून जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं. तुमच्या आई काही पहिल्या नाहीत.

पॅरिसचे लोक काय घालतात, असं कुणी विचारलं की मी त्यांना मेट्रोच्या दोन नंबरच्या लाईनवर बसवते. ही लाईन शहराच्या उत्तर अंगानं कमान काढत पूर्वेच्या नासिओंपासून पश्चिमेच्या पोर्त दोफिनपर्यंत जाते. पाऊण तासही लागत नाही. सकाळी साडेआठला बेलव्हिलला चढलात तर डब्यात चिनी दुकानांत कामाला निघालेल्या बायका दिसतील, अंगात फुगीर जाकीट, पाठीला लहानशी सॅक. शेजारी जाड सुती निळ्या कोटातला एखादा तरुण उभा असेल. तो कोट मुळात कारखान्यातल्या कामगाराचा. त्याला नावच 'ब्ल द त्राव्हाय', म्हणजे कामाचा निळा. आता चित्रकार आणि वास्तुरचनाकारही तो हौसेनं घालतात. जोरेसच्या आधी गाडी भुयारातून वर येते आणि पुढची चार स्टेशनं पुलावरून जाते. त्यातलं तिसरं ला शापेल. तिथं दार उघडलं की साडीवर गुडघ्यापर्यंतचा कोट, पायात पांढरे स्पोर्ट शूज, कपाळाला कुंकू आणि हातात भाजीची पिशवी घेतलेली बाई हमखास चढते. श्रीलंकेतल्या यादवी युद्धाच्या काळात आलेल्या तमिळ कुटुंबांची ही वस्ती. या बाईची मुलं इथल्या शाळेत शिकली, तिचं रेशन-पाणी, दवाखाना, नोकरी सगळं इथलं. ती पॅरिसचीच बाई आहे. पुढच्याच बार्बेसला पश्चिम आफ्रिकेतल्या बायका येतात. मोठ्या नक्षीचा बूबू नावाचा पायघोळ झगा आणि त्याच कापडाचा डोक्याला बांधलेला फेटा, असे रंग की अख्खा डबा उजळतो. प्लास द क्लिशीला ऑफिसवाले भरतात. मोंसोच्या पुढे लांब लोकरी कोट दिसू लागतात आणि व्हिक्टर ह्यूगोला नेटकी शिवलेली निळी जाकिटं, गळ्याला रेशमी रुमाल, पॉलिश केलेले चामडी बूट. तुमच्या मुलीच्या यादीतलं पॅरिस इथं भेटतं, शेवटच्या चार-पाच स्टेशनांत.

एक गोष्ट खास सांगलीकरांसाठी. ला शापेलजवळ १९८५ पासून माणिक्क विनायकराचं, म्हणजे गणपतीचं मंदिर आहे. दरवर्षी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथून रथ निघतो. रस्त्यावर नारळांच्या राशी रचून फोडतात, पुरुष वेष्टीत, म्हणजे तमिळ धोतरात, आणि बायका काठापदराच्या साड्यांत अनवाणी चालतात, आणि फूटपाथवर फ्रेंच म्हातारे-म्हाताऱ्या प्रसादाला हात पुढे करून उभे असतात. तुमच्या ऑक्टोबरात रथ नसेल, पण देऊळ असेल. आईंना दुसऱ्याच दिवशी तिथं घेऊन जा. त्यांच्या मनातली निम्मी भीती त्या दोन गल्ल्यांतच उतरेल.

आता खिसेकापूंचं, कारण तुमची खरी काळजी तीच दिसते. काळजी योग्यच आहे. पॅरिसमध्ये खिसेकापू आहेत आणि ते आपल्या कामात तयार आहेत. एप्रिल २०१३ मध्ये लूव्हर संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी याच त्रासाला कंटाळून एक दिवस काम बंद केलं होतं, संग्रहालय उघडलंच नाही. पण ते काय हेरतात, ते मी चौदा वर्षं जवळून बघत आलेय. एक नंबरच्या लाईनवर गर्दीच्या वेळी दाराजवळ उभं राहून मोबाईलमध्ये नकाशा बघणारा माणूस. खुर्चीच्या पाठीला अडकवलेली पर्स. पाठीवरच्या सॅकची अर्धी उघडी चेन. लूव्हरच्या रांगेत फोटो काढताना पायाशी ठेवलेली पिशवी. मोंमार्त्र टेकडीवरच्या सक्रे-कोर चर्चच्या पायथ्याशी मनगटाला दोरा बांधू पाहणारी पोरं असतात, आयफेलपाशी कागद पुढे करून सही मागणाऱ्या मुली असतात. त्यांना एवढंच हवं असतं की तुमचे हात आणि डोळे दोन मिनिटं दुसरीकडे गुंतावेत.

तीन वर्षांपूर्वी ठाण्याचं एक कुटुंब माझ्याबरोबर होतं. गृहस्थांनी यायच्या आधी काळा लोकरी कोट, काळी पँट, काळे बूट, सगळं नवं घेतलं होतं, इथल्या लोकांत मिसळून जावं म्हणून. त्यांच्या पत्नी जांभळ्या पैठणीत होत्या, त्या दिवशी लग्नाचा वाढदिवस होता. शातले स्टेशनला दार बंद व्हायची घंटा वाजली आणि त्याच क्षणी एका पोरानं गृहस्थांच्या हातातला फोन ओढून फलाटावर उडी मारली. शेजारीच उभ्या असलेल्या पैठणीला कुणी बोटही लावलं नाही, कारण त्यांनी पर्स पोटाशी दोन्ही हातांनी धरली होती. मी पोलीस चौकीत तक्रार लिहून द्यायला बरोबर गेले. परतताना ते गृहस्थ सारखं म्हणत होते, "पण मी तर यांच्यासारखाच दिसत होतो." त्यांचं ते वाक्य मी विसरलेले नाही. इतके पैसे आणि इतकी मेहनत त्यांनी चुकीच्या जागी घातली होती, आणि तसं करायला त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

अंगावरच्या एकाच गोष्टीबाबत मात्र मी कडक आहे, ती म्हणजे सोनं. गळ्यातली साखळी हिसकायचे प्रकार इथं होतात, आणि तेही दार बंद होतानाच. आईंचं आणि पत्नीचं मोठं मंगळसूत्र, पाटल्या, गोठ सांगलीत लॉकरला राहू द्या. काळ्या मण्यांची पोत, बारीक वाट्या, वर मफलर, एवढं पुरे. पैशांसाठी आईंची कनवटी कुठल्याही महागड्या पट्ट्याच्या पाकिटापेक्षा सुरक्षित आहे. मी स्वतः साडी नेसते तेव्हा नोटा कनवटीलाच लावते.

बाहेरचा माणूस कपड्यांवरून नव्हे, दुकानात शिरताना ओळखू येतो. समजा सकाळी तुम्ही कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलात. पुढे दोन माणसं आहेत, कुणी मोठ्यानं बोलत नाही. तुमची पाळी आली आणि तुम्ही थेट काचेकडे बोट करून "टू क्रोसाँ" म्हणालात, तर बाई पाव देईल, पैसे घेईल, पण तिचा चेहरा मिटलेला राहील. त्याऐवजी आत पाऊल टाकतानाच "बोंझूर मादाम" म्हणा, मग काय हवं ते इंग्रजीत सांगितलंत तरी चालतं. इथं हा शब्द म्हणजे आपल्याकडे कुणाच्या घरात पाऊल टाकताना "आहात का?" विचारण्यासारखा आहे. तो न म्हणता मागणं हे न विचारता घुसण्यासारखं वाटतं. आईंना एवढा एक शब्द शिकवा. हात जोडून बोंझूर म्हणणाऱ्या साडीतल्या आजींना या शहरात काय आदर मिळतो, ते मी कितीदा बघितलंय.

बूट. मुलीला स्पष्ट सांगा की पॅरिसमध्ये बाया-पुरुष, म्हातारे-तरुण सगळे स्पोर्ट शूज घालतात. बँकेतला सूटवालाही घालतो. आधी नसतील घालत, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या आठवणीवर तो नियम अजून फिरतोय. आता सायकली किती वाढल्या आहेत. २०२० पासून रिव्होली रस्ताच जवळजवळ सगळा सायकलींना दिलाय. सायकलवरून ऑफिसला जाणारी बाई टाचांचे बूट कशाला घालेल? वेजा नावाची पॅरिसचीच एक बूट-कंपनी आहे, तिचे पांढरे बूट तुम्हाला प्रत्येक डब्यात दिसतील. तुम्हाला फरक दिसेल तो एवढाच की बूट बहुधा स्वच्छ आणि साधे असतात, भडक पळायचे बूट कमी. पण भडक असले म्हणून कुणी वळून बघत नाही.

तुम्ही दिवसाला सहज बारा-पंधरा किलोमीटर चालाल, कितीही मेट्रो वापरली तरी. मोंमार्त्रचे रस्ते दगडी, सक्रे-कोरला २२२ पायऱ्या, आणि मेट्रोच्या जुन्या स्टेशनांत जिन्यामागून जिने. आबेस स्टेशन तर छत्तीस मीटर खोल आहे, तिथं मात्र लिफ्टनंच वर या. मागे डोंबिवलीची एक मुलगी खास पॅरिससाठी घेतलेले नवेकोरे टाचांचे बूट घालून आली. दुसऱ्या दिवशी दुपारी तुईलरी बागेत तिनं मोजा काढला तेव्हा दोन्ही टाचांची कातडी सोललेली होती. उरलेले तीन दिवस ती हॉटेलच्या खिडकीतून पॅरिस बघत बसली. तिच्याएवढीच तुमची मुलगी आहे म्हणून सांगते. असं काही झालंच तर हिरव्या क्रॉसची पाटी दिसेल ते औषधाचं दुकान, तिथं "पाँसमाँ" मागायचं, फोडांचे खास चिकटपट्टे देतात.

काळ्या रंगाचं म्हणणं थोडंफार खरं आहे, पण कारण वेगळं आहे. इथली घरं लहान. कायद्यानं भाड्यानं द्यायच्या खोलीची किमान जागा नऊ चौरस मीटर, म्हणजे शंभर चौरस फूटही नाही, आणि जुन्या इमारतींच्या माळ्यावरच्या तशा खोल्यांतून खूप माणसं राहतात. तिथं कपाट ते केवढं असणार? हिवाळ्याचा एकच कोट, तो पाच-सहा वर्षं चालवायचा, ड्रायक्लीनिंगला एका वेळी पंधरा-वीस युरो मोजायचे. मग तो मळखाऊ आणि सगळ्यावर चालेल असाच माणूस घेतो. हा रोजच्या संसाराचा हिशोब आहे, त्याला फॅशनचा नियम समजून आपण उगाच घाबरतो. सहा दिवसांसाठी येणाऱ्याला तो हिशोब लागू नाही. तुमच्या पत्नींचा मोरपंखी पंजाबी ड्रेस आणि त्यावर कुठलंही जाकीट उत्तम दिसेल.

हवा मात्र मनावर घ्या. ऑक्टोबरच्या मध्यात दुपारी पंधरा-सोळा आणि पहाटे नऊ-दहा अंश धरून चाला. पाऊस वर्षाचा जेमतेम साडेसहाशे मिलिमीटर, म्हणजे पुण्यापेक्षाही थोडा कमीच, पण तो बाराही महिने वाटून पडतो. आपल्यासारखा कोसळत नाही, भुरभुर येतो, थांबतो, पुन्हा येतो. वाऱ्यानं छत्री उलटते म्हणून इथले लोक टोपीचं पातळ जाकीट घडी करून पिशवीत ठेवतात. अशा जाकिटाचं इथलं घरगुती नाव 'का-वे'. १९६५ साली पॅरिसमध्येच लेओं-क्लोद द्युआमेल यांनी ते काढलं, आणि नाव 'आँ का' म्हणजे 'लागलंच तर' यावरून पडलं. तुम्ही ते पुण्यात किंवा कोल्हापुरात डेकॅथलॉनमधून घेतलंत तरी हरकत नाही. डेकॅथलॉन फ्रान्सचंच आहे आणि पॅरिसचे निम्मे लोक पावसात त्यातच असतात. मेट्रोत आणि दुकानांत उकडतं, बाहेर गार. म्हणून एक जाड स्वेटर आणण्यापेक्षा दोन पातळ आणा, काढता-घालता येतात.

मुलीच्या हौसेला मात्र नाही म्हणू नका. सोळाव्या वर्षी पॅरिसमध्ये छान दिसावंसं वाटणं यात काहीच गैर नाही. तिला फक्त दोन गोष्टींची खरी गोष्ट कळू द्या, तिलाही आवडेल. फ्रेंच माणसाच्या चित्रात हमखास असते ती चपटी बेरे टोपी पॅरिसची नाही. ती नैऋत्येच्या पिरेनीज डोंगरातल्या मेंढपाळांची, बेआर्न प्रांताची. ओलोरों-सांत-मारी गावात लोलेर नावाचा कारखाना १८४० पासून त्या बनवतोय. आणि तो निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा नौदलाच्या खलाशांचा, १८५८ च्या सरकारी आदेशानं ठरलेला, अंगावर एकवीस पांढरे पट्टे. या दोन्ही गोष्टी फ्रेंच माणसाच्या चित्रात एकत्र आल्या त्यात फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतातल्या रोस्कोफ गावच्या कांदेविक्यांचा मोठा हात. सायकलला कांद्याच्या माळा लटकवून ते इंग्लंडभर दारोदार फिरत, आणि इंग्रजांनी जवळून पाहिलेला फ्रेंच माणूस बहुधा तोच. माझ्यासारख्या नाशिकच्या मुलीला ही कांद्याची गोष्ट जास्तच जवळची वाटते. तुमच्या मुलीनं बेरे घालून आयफेलसमोरच्या ट्रोकादेरोला फोटो काढावेत, जरूर काढावेत, फक्त सकाळी साडेआठला जा. गर्दी नसते आणि उजेड सुंदर असतो. कपडे घ्यायचेच असतील तर मारे भागात जुन्या कपड्यांची दुकानं आहेत, 'फ्रिप' म्हणतात, काही ठिकाणी वजनावर विकतात. इथल्या कॉलेजच्या मुली तिथंच घेतात. सरकारनं तारखा ठरवलेले मोठे सेल जानेवारीत आणि जूनअखेरीला लागतात, तुमच्या वेळी नसतील.

आता आई. पँटचा आग्रह धरण्याआधी त्यांना हे सांगा. याच पॅरिसमध्ये नोव्हेंबर १८०० मध्ये पोलीसप्रमुखांनी आदेश काढला होता की पुरुषी वेश करायचा असेल तर बाईनं आधी पोलिसांची परवानगी घ्यावी. पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये घोड्याचा लगाम किंवा सायकल हातात असेल तर सूट मिळाली. तो आदेश आता उरलेला नाही, असं मंत्र्यांनी लेखी सांगायला २०१३ साल उजाडलं. बाईनं काय घालावं हे दुसऱ्यांनी ठरवायची हौस या शहरालाही होतीच. आणि साडी इथं नवी नाही. मादाम कामांनी १९०७ मध्ये श्टुटगार्टला आपला झेंडा फडकवला, त्यांचे साडीतले फोटो तुम्ही पाहिलेच असतील. त्यानंतरची कितीतरी वर्षं त्या पॅरिसमध्ये राहिल्या, मुंबईला परतल्या त्या १९३५ मध्ये.

कुणीतरी तुम्हाला असंही सांगेल की डोक्यावर पदर घेतला तर दंड होतो. तसं नाही. २०११ पासून लागू असलेला कायदा सार्वजनिक जागी चेहरा झाकण्याविरुद्ध आहे, आणि २००४ चा कायदा सरकारी शाळेतल्या विद्यार्थ्यांसाठी. डोक्यावरच्या पदराला दोन्हींचा काही संबंध नाही. नोत्र-दाममध्ये किंवा सक्रे-कोरमध्ये तर आईंचा पोशाख सगळ्यांत शोभेल असा असेल.

साड्या तीन-चार आणा. सांगलीकडच्या बाईकडे इरकल असणारच, ती जाड सुती इरकल इथल्या ऑक्टोबरसाठी उत्तम. एक रेशमी, एक सिंथेटिक जी रात्री धुतली तर हॉटेलात सकाळपर्यंत वाळेल. शिफॉन नको. शब्द फ्रेंच आहे, मूळ अर्थ चिंधी, आणि बडोद्याच्या सयाजीरावांची लेक, कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी फ्रान्सहून शिफॉन मागवून साड्या नेसत म्हणून तो आपल्याकडे रुळला असं सांगतात. पण वाऱ्यात तो अंगाला लपेटतो आणि थंडी काडीची अडवत नाही. परकराच्या आत थर्मलची लेगिंग घालायची, परकर कमी घेराचा. ब्लाउज विणलेला, पूर्ण बाह्यांचा. साडी नेहमीपेक्षा दोन-तीन बोटं वर नेसायची, घोटा दिसला तरी चालेल. ऑक्टोबरात फूटपाथवर ओली पानं साचतात, काठ भिजला की दिवसभर पायाला गार लागत राहतो. शिवाय सरकता जिना जिथं संपतो तिथले दाते फॉलमध्ये अडकतात. उतरायच्या आधी एका हातानं निऱ्या उचलायच्या, ही सवय लावून घ्या. रस्त्यावरच्या फुकट स्वच्छतागृहांतही फरशी ओली असते, कारण प्रत्येक वापरानंतर ती आपोआप धुतली जातात. आधीचा माणूस बाहेर पडला की दार बंद होऊन धुणं संपू द्यायचं, मगच आत जायचं. घाईनं शिरलं तर साडीसकट भिजायची वेळ येते.

मेट्रोच्या फाटकाचं नीट समजावून सांगा. कार्ड लावलं की आधी पोटाशी एक दांडा फिरतो, मग समोरचं दार ढकलायचं, आणि ते मागे लगेच मिटतं. मोकळा पदर तिथं अडकतो. म्हणून पदर खांद्याला पिन करून उजवीकडून पुढे घ्यायचा, कमरेला खोचायचा आणि त्यावर कोट. कोट गुडघ्यापर्यंतचा, आणि शक्यतो खालूनही उघडणारी चेन असलेला. बसताना खालची चेन वीतभर उघडली की निऱ्या चुरगळत नाहीत आणि पाय मोकळे राहतात. पदर कोटाच्या आत असला की बाहेरून फक्त काठाच्या निऱ्या दिसतात, अगदी ला शापेलच्या बायकांसारख्या.

आई नऊवारी नेसत असतील तर आणखी सोपं. वाईच्या एक आजी माझ्याबरोबर सक्रे-कोरच्या त्या २२२ पायऱ्या काष्टा घालून चढल्या, सून मेट्रोच्याच तिकिटावर फ्युनिक्युलरनं, म्हणजे चढावरच्या दोराच्या गाडीनं आली. वर एका फ्रेंच बाईंनी मला विचारलं, हे कापड किती मीटर आहे, आणि कुठंच शिवलेलं कसं नाही? सव्वाआठ मीटर म्हटल्यावर त्या आजींभोवती एक पूर्ण फेरी मारून आल्या, काष्टा कुठून कुठं जातो ते बघायला. मग आजींनी स्वतःच पदराचं टोक त्यांच्या हातात दिलं.

आणि जोडवी. हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. आपल्या बायका उभा जन्म चपलेत काढतात. बंद बुटात जाड जोडवी शेजारच्या बोटाला घासतात आणि तिसऱ्या दिवशी बोट सुजतं. आईंसाठी बूट पुढून रुंद आणि अर्धा नंबर मोठे घ्या, मोजे सुती आणि जाड, आणि जोडवी त्यांची तयारी असेल तर पातळ तारेची. नसेल तर बोटांमध्ये कापसाची पातळ घडी ठेवायची. बूट आजच आणा. रोज संध्याकाळी साडी, मोजे, बूट असा पूर्ण पोशाख करून त्यांना कृष्णेच्या घाटावर घेऊन जा आणि पायऱ्या चढ-उतार करू द्या, पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग वाढवत अर्धा तास. बूट कुठं लागतो, निऱ्या किती वर हव्यात, ते तिथंच कळेल आणि दुरुस्त करायला अजून हातात वेळ आहे.